तुम्ही विचारलंत म्हणून: ती नळी तासभर फुंकून होतं काय?

घरी पहिल्यांदा आलेला माणूस पाणी पितो, ग्लास खाली ठेवतो आणि हमखास कोपऱ्याकडे बघतो. तिथे भिंतीला टेकून एक पोकळ खोड उभं असतं, माझ्या खांद्याला लागेल एवढं. 'हे काय?' डिजेरीडू, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य. 'वाजवता?' हो, रोज, पाऊण तास ते तास. मग तो प्रश्न येतोच: 'एवढा वेळ ते फुंकून होतं काय हो?' विचारणाऱ्याच्या मनात आपापलं उत्तर तयार असतं. योगाच्या वर्गाला जाणाऱ्यांना ध्यान लागतं का ते ऐकायचं असतं. ज्यांचा नवरा घोरतो त्यांनी कुठेतरी काहीतरी वाचलेलं असतं. माझ्या मेव्हण्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की मी बरा आहे ना. प्रत्येकाला अर्धवट काहीतरी सांगून मी चहा टाकायला उठतो. आता एकदाच सगळं सांगून टाकतो.

मी हे वाद्य जवळून ऐकलं ते गोव्यात, हरमलच्या किनाऱ्यावर. बांबूचं होतं, वर रंगीत ठिपके काढलेले. विकणाऱ्यानं सांगितलं की हे चाळीस हजार वर्षं जुनं वाद्य आहे आणि यानं सगळी चक्रं मोकळी होतात. किंमत ऐकून माझी होती ती चक्रंही जागच्या जागी थांबली. पुढे कळलं की उत्तर ऑस्ट्रेलियातल्या गुहाचित्रांवरून त्याचं वय हजार-दीड हजार वर्षांच्या आसपास धरतात. आणि ते मुळात सगळ्या ऑस्ट्रेलियाचं नव्हेच, उत्तरेकडच्या पट्ट्यातलं. तिथल्या आर्नहेम लँड भागातले योल्ङू लोक त्याला यिडाकी म्हणतात. निलगिरीच्या जातीचं झाड वाळवी आतून खाते, माणूस खोडावर टकटक करून पोकळ झाड ओळखतो, तोडतो, साल काढतो. भोक पाडायचं काम वाळवीनं आधीच केलेलं असतं.

पुण्याला परत येऊन मी हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंची पीव्हीसी पाईप घेतला, चार फुटावर कापून. 'सिंकला का?' 'नाही, वाजवायला.' दुकानदारानं मान वर न करता कडेचा किस तासून दिला. तोंडाशी मधमाशांच्या मेणाची वळी हातानं मऊ करून लावली, म्हणजे कड ओठाला लागत नाही. गंमत बघा, चार फुटी पाईपचा मूळ सूर येतो तो काळी एकच्या मंद्र षड्जाच्या आसपास. माझे एक काका पहाटे तंबोऱ्यावर खर्ज भरायचे, साधारण त्याच जागी. पहिल्यांदा सूर लागला तेव्हा मला ऑस्ट्रेलिया आठवला नाही, काकांची बंद खोली आठवली.

सूर लागायला मात्र चार दिवस गेले. तुतारीसारखे ओठ आवळले तर नुसती किंकाळी निघते. ओठ सैल हवेत, लहान पोरं गाडी गाडी खेळताना फुर्र करतात तितके. पहिल्या आठवड्यात शरीरावर झालेला परिणाम म्हणाल तर दोन: नाकाच्या शेंड्याला असह्य खाज आणि चक्कर. खाज ओठांच्या थरथरीनं येते, आठ-दहा दिवसांत जाते. चक्कर आली की लोकांना वाटतं काहीतरी गूढ घडतंय. गूढ काही नाही. नवखा माणूस गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. मी बाल्कनीच्या कठड्याला धरून खाली बसलो होतो. त्याला समाधी म्हणायची असेल तर मग फुगे फुगवणारेही सगळे योगीच.

खरी परीक्षा श्वासाची. सूर तुटू न देता श्वास घ्यायचा असतो. गालात हवा साठवायची, गाल आणि जीभ आवळून ती बाहेर ढकलायची आणि तेवढ्या क्षणात नाकानं झटकन हवा आत ओढायची. मी हे बेसिनपाशी शिकलो: तोंडात पाण्याची चूळ धरायची, बारीक धारेनं सोडायची आणि धार चालू असतानाच नाकानं श्वास घ्यायचा. सहा आठवडे आरसा, नळ आणि शर्टाची बाही ओली. एके दिवशी पाईपवर दोन सेकंद जमलं आणि मी इतका चकित झालो की वाजवायचंच थांबलो. त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली. 'अहो, टाकीची मोटर जळतेय वाटतं, घरघर येतेय.'

आता तासाभरात काय होतं ते. पहिली पाच मिनिटं ओठ कुरकुरतात. मग लाळ सुटते, नळीत उतरते, खाली पायाशी जुनं फडकं ठेवावं लागतं. वीस मिनिटांनी गाल भरून येतात, लग्नात दिवसभर हसून फोटो काढल्यावर दुखतात तिथेच. अर्ध्या तासानंतर काम खाली सरकतं. बेंबीच्या खालचे स्नायू प्रत्येक झटक्याला आत जातात आणि दुसऱ्या दिवशी खोकताना आपली आठवण करून देतात. चाळीस मिनिटांनंतर ओठ आहेत की नाहीत तेच कळत नाही. आणि आवाज कानानं कमी, जबड्यानं, छातीच्या फासळ्यांनी, दातांच्या मुळांनी जास्त ऐकू येतो. थांबलो की खोलीतली शांतता काही क्षण जड वाटते, पंख्याचा आवाजही पातळ लागतो.

जिभेचंही काम असतंच. २००५ साली सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की वाजवणाऱ्याच्या तोंडातल्या आणि घशातल्या पोकळीचे अनुनाद आवाजातले काही पट्टे दाबतात आणि उरलेले पट्टे उठून ऐकू येतात. कसलेला वादक कंठद्वार, म्हणजे घशातली स्वरतंतूंमधली फट, जवळजवळ मिटून घेतो, म्हणून हा फरक आणखी ठळक होतो. साध्या भाषेत, अर्धं वाद्य लाकडाचं आणि अर्धं आपल्या तोंडाचं. 'आ' आणि 'ई' म्हणायला जीभ जिथे जाते तिथे ती गुपचूप न्यायची, सूर तोच राहतो पण रंग बदलतो.

मनाचं विचारता, तर इथे मला तुमची थोडी निराशा करावी लागणार. सुरुवातीच्या वर्षभरात मन खरंच एकाग्र व्हायचं, पण त्याचं कारण साधं होतं: लक्ष हललं की श्वास चुकायचा. गृहकर्जाचा हप्ता आठवला की सूर तुटलाच. एवढा प्रामाणिक पहारेकरी मला दुसरा भेटलेला नाही. त्या दिवसांत वेळेचा हिशोबही हुकायचा, वीस मिनिटं झाली असतील म्हणून घड्याळ बघावं तर पन्नास झालेली. पण पुढे श्वास अंगात मुरला, सायकलच्या पायडलसारखा आपोआप चालू लागला आणि मन पुन्हा मोकाट. आता मी सूर लावून बसल्या बसल्या आठवड्याच्या भाजीची यादी करू शकतो, केलीही आहे. जे सोपं झालं त्यानं मन धरून ठेवणं सोडलं. हे मला कुठल्याच कार्यशाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

या मोकाट मनाचं उत्तर मला सापडलं ते उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात असताना. कंपनीच्या कामासाठी नऊ महिने तिकडे होतो, ऑगस्टमध्ये आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकाला गुलकुला इथे गार्मा महोत्सव असतो, तिथे गेलो. उन्हं कलल्यावर वाळूच्या मैदानात बुंगुल सुरू होतो, म्हणजे नाच आणि गाणं. मी तासभर चालणारा सूर ऐकायच्या तयारीनं बसलेलो. प्रत्यक्षात एकेक गाणं मिनिट-दोन मिनिटांचं. गायक हातातल्या लाकडी पट्ट्या, बिल्मा, वाजवतो, यिडाकी त्याच्या मागे धावतं, गाणं टचकन संपतं, वादक श्वास टाकतो, कुणीतरी हसतं, लगेच पुढचं. असं तास न् तास. यिडाकी वाजवणारा तरुण डोळे मिटून नव्हता बसला. त्याची नजर गायकाच्या हातांवर खिळलेली. आपला तबलजी गायकाकडे बघतो तशी. आणि तबल्याच्या बोलांसारखे त्यांचेही तोंडी बोल असतात, आधी तोंडानं म्हणायचे, मग तीच जीभ नळीत चालवायची. मधूनच एक भोंग्यासारखा उंच स्वर, मूळ सुरापेक्षा सप्तकाच्याही वरचा, पुढचं वळण येतंय हे सांगायला.

त्या वाळूत बसून माझी मलाच थोडी लाज वाटली. तंद्री लावायला म्हणून आपण ज्याच्या मागे लागलो, ते तिथे जागं राहायचं काम आहे. तेव्हापासून मी लांबलचक सूर कमी केला. आता तासातला निम्मा वेळ मोबाईलवर सोळा मात्रांचा ठेका लावतो आणि जिभेनं त्याच्याशी खेळतो. चुकतो, समेवर येता येता घसरतो. पण भाजीची यादी परत आलेली नाही.

घोरण्याबद्दल. मला मध्यम स्वरूपाचा स्लीप ॲप्निया आहे, हे निदान वाद्य हातात येण्याआधीचं. झोपेत घशातले स्नायू सैल पडून वाट बंद होते, श्वास अडतो, माणूस दचकून अर्धवट जागा होतो. स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास २००५ च्या शेवटी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं प्रसिद्ध केला. घोरणारे, मध्यम ॲप्नियाचे २५ जण, त्यातल्या १४ जणांना चार महिने डिजेरीडू शिकवलं, ११ जणांना वाट बघायला सांगितलं. शिकणाऱ्यांनी आठवड्यातून सरासरी सहा दिवस, रोज २५ मिनिटं वाजवलं. त्यांची दिवसाची पेंग कमी झाली, तासाभरात श्वास अडण्याचं प्रमाण वाट बघणाऱ्यांच्या तुलनेत सहा वेळांनी उतरलं आणि शेजारी झोपणाऱ्यांनीही त्रास कमी झाल्याचं सांगितलं. झोपेच्या एकूण दर्जात मात्र दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. या मंडळींना २०१७ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं पारितोषिक मिळालं, तेही शांततेचं. ज्यानं कुणी तो विभाग निवडला, त्याच्या घरी नक्की कुणीतरी घोरत असणार.

माझ्या बाबतीत: आठ महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, श्वास अडण्याचा आकडा उतरला होता. पण त्याच काळात माझं वजनही सहा किलो उतरलं होतं, त्यामुळे हार कुणाच्या गळ्यात घालायचा ते ठरत नाही. पुढे आई आजारी असताना दोन महिने वाद्याला हात लावला नाही, तेव्हा घोरणं परत आलं. बायकोनं मोबाईलवर पुरावा ठेवला आहे. म्हणून विचारणाऱ्यांना कळकळीनं सांगतो: डॉक्टरांनी रात्री श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन दिलं असेल तर ते माळ्यावर टाकून पाईप आणायला जाऊ नका. २५ माणसं म्हणजे आमच्या सोसायटीची एक विंगसुद्धा नव्हे.

दम्याचंही विचारतात. ऑस्ट्रेलियात दमा असलेल्या आदिवासी मुलांना डिजेरीडू आणि मुलींना गाणं शिकवून बघितलं, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. मुलांच्या श्वसनात सुधारणा दिसली. मुलींना गाणं का, तर तिकडच्या अनेक समाजांत हे वाद्य पुरुषांचं मानतात.

तोटेही आहेत, ते कुणी विचारत नाही. जेवून लगेच वाजवलं की आंबट पाणी थेट घशात. सर्दीत नाक बंद असेल तर दिवस बाद. एका पावसाळ्यात बांबूच्या नळीत आतून बुरशी धरली, आठवडाभर खोकलो, ती नळी फेकून दिली. हर्निया असेल, पोटाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दुसऱ्याच्या नळीला तोंड लावू नका, एवढं तरी आजीच्या संस्कारांतून आलेलं असेलच.

सूर न तोडता घ्यायचा हा श्वास काही माझ्या कोपऱ्यातल्या खोडाची मक्तेदारी नाही. जव्हार-डहाणूकडे वारली तारपावाला (तारपा म्हणजे त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) रात्र रात्र नाचणाऱ्यांना फिरवतो तो याच श्वासावर. गेल्या वर्षी एका लग्नात सनई होती, दोघे जण. एक वाजवणारा, दुसरा नुसता सूर धरून बसलेला, सत्तरीचे बाबा. नवरा-नवरी, अंतरपाट, सगळं सोडून मी त्यांच्या गालांकडे बघत होतो. जेवणाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी जागा धरली आणि विचारलं, 'बाबा, श्वास कधी घेता?'

'घेतो की. तुम्हाला दिसत नाही एवढंच.'

मग मी तुमचाच प्रश्न त्यांना विचारला. पन्नास वर्षं सूर धरताय, एवढा वेळ वाजवून होतं काय? बाबांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली, जरा विचार केला. 'गाल दुखतात,' म्हणाले, 'आणि भूक लागते.' आणि वाढप्याला हाक मारून आणखी दोन जिलब्या मागवल्या.