आमची वाटचाल : हँडल हललं, टेबल नाही

आमच्या शॉपच्या पाटीवर आज ‘रोटरी टेबल व इंडेक्सिंग हेड रिपेअर’ असं लिहिलंय. म्हणजे मशीनवर जॉब मोजून ठरावीक अंशांत फिरवायची साधनं. पण हा धंदा आम्ही ठरवून सुरू केला नाही. सतरा कपलिंगं (दोन शाफ्ट जोडायचे भाग) रिजेक्ट होऊन परत आली, त्यातून तो सुरू झाला.

१९९६ ची खंडेनवमी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका शेडचा अर्धा भाग भाड्यानं घेतला. वडील ऑइल इंजिनच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या फंडातले पैसे आणि सोसायटीचं कर्ज मिळून एक जुनं एचएमटीचं मिलिंग मशीन आणि त्याहून जुना लेथ आला. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवसापासून मिळेल ते जॉबवर्क सुरू.

रोटरी टेबल मी जुन्या मशिनरीच्या बाजारातून आणलं. दहा इंची, ९० ला १ रेशोचं. म्हणजे हँडलचे नव्वद फेरे झाले की टेबल एकदा पूर्ण फिरतं, एका फेऱ्याला चार अंश. वरून एकदम चकाचक, नवा हिरवा रंग मारलेला. जुन्या वस्तूला नवा रंग दिसला की आज मी आधी तो खरवडून बघतो. तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, रंगावर भाळलो. हँडल मागंपुढं हलवून बघायचंही सुचलं नाही.

पहिली बरी ऑर्डर आली ती चाळीस कपलिंगांची. प्रत्येकाला सहा खाचे, साठ-साठ अंशांवर. हिशेब सोपा होता : पंधरा फेरे, क्लॅम्प, खाचा, क्लॅम्प ढिला, पुन्हा पंधरा फेरे. चार दिवसांत माल पोचवला. पाचव्या दिवशी फोन आला, “गेज बसत नाही, सतरा नग घेऊन जावा.” गेज म्हणजे माप तपासायचं साधन.

सगळेच नग का गेले नाहीत, हे कोडं मला दोन रात्री सुटेना. मग आठवलं. मशीनवर मीच होतो. कोणी बोलायला आलं की पंधराव्या फेऱ्याला हात पुढं जायचा, मग मी हँडल तेवढं मागं घ्यायचो. हँडलमागच्या कॉलरवर, म्हणजे आकड्यांच्या कड्यावर, शून्य बरोबर दिसायचं. पण हँडल मागं आलं तरी टेबल तिथंच. रात्री शॉपमध्ये एकटा बसून कॉलर वाचली. एका बाजूनं दाबून शून्य केलं आणि उलट फिरवत टेबल हलेपर्यंत मोजलं. २४ मिनिटं! एका अंशाची साठ मिनिटं असतात, म्हणजे अंशाचा जवळजवळ अर्धा भाग हँडल नुसतंच हवेत फिरत होतं. खाचे केंद्रापासून ६० मिलिमीटरवर होते. तिथं २४ मिनिटं म्हणजे ०.४२ मिलिमीटर. गेज कशाला बसेल?

टेबलाच्या पोटात दोनच मुख्य वस्तू असतात. हँडलच्या शाफ्टवर स्क्रूसारख्या आट्यांचा पोलादी वर्म, आणि टेबलाला खालून जोडलेलं, त्या आट्यांत दात बसणारं ब्राँझचं वर्म व्हील. वर्म ज्या बुशात, म्हणजे नळीत, बसतो तो बुश एक्सेंट्रिक असतो, म्हणजे त्याचं भोक मध्यापासून जरा बाजूला असतं. त्याचा लॉकिंग स्क्रू ढिला करून बुश थोडा फिरवला की वर्म व्हीलच्या जवळ सरकतो आणि दात घट्ट बसतात. एवढं मला ऐकून माहीत होतं. अर्धवट माहितीसारखा दुसरा शत्रू नाही. बुश फिरवला, फिरवला, हँडलचा प्ले, म्हणजे ढिलाई, हाताला जाणवेनाशी केली आणि खुशीत घरी जाऊन जेवलो.

सकाळी टेबल फिरवलं तर काही ठिकाणी लोण्यासारखं, काही ठिकाणी दगडासारखं. एका जागी अडकलंच. मी दोन्ही हातांनी जोर लावला. संध्याकाळी तळाचं तेल काढलं तर त्यात सोन्यासारखा बारीक कीस चमकत होता. तो व्हीलच्या दातांचा चुरा होता.

मग वडिलांनी त्यांच्या कारखान्यातल्या एका रिटायर मिस्त्रींना आणलं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते आले, टेबलाकडं न बघता आधी चहा प्याले, मग हँडल धरून फिरवायच्या ऐवजी आत-बाहेर ओढलं. “आरं, आधी कुठनं हलतंय ते तरी बघ. सगळ्यालाच बॅकलॅश म्हणून मोकळा होऊ नगंस.” बॅकलॅश म्हणजे दातांमधली ढिलाई.

बारीक हालचाल मोजणाऱ्या डायलचा पॉइंट वर्मच्या शाफ्टच्या टोकाला टेकवला आणि पुन्हा हँडल ओढलं. काटा तीस घरं गेला. ०.३० मिलिमीटर. वर्म जागेवर फिरायच्या आधी अख्खा शाफ्टच लांबीत सरकत होता, कारण शाफ्टला लांबीत सरकू न देणारा थ्रस्ट वॉशर झिजला होता आणि त्याला आवळून धरणारा मागचा चेकनट ढिला पडला होता. आमच्या व्हीलची पिच त्रिज्या, म्हणजे दात जिथं भिडतात तिथली त्रिज्या, ९० मिलिमीटर. त्या हिशेबानं हे ०.३० म्हणजे साडेअकरा मिनिटं. चोवीसातली निम्मी ढिलाई दातांत नव्हतीच, आणि मी सगळी शिक्षा दातांना दिली होती.

मामांनी माझी ॲडजस्टमेंट उलटी फिरवून दात मोकळे केले. फॉस्फर ब्राँझचा नवा वॉशर लेथवर काढला, दोन्ही बाजू काचेवर पेपर ठेवून घासून समांतर केल्या. चेकनट असा आवळला की शाफ्ट बोटांनी फिरेल, पण ओढल्यावर काटा एका घरापेक्षा जास्त हलणार नाही. त्यानंतर खडूनं टेबलाच्या कडेला दर दहा अंशांवर खूण केली आणि मला नव्वद फेरे मारायला लावले. जिथं जड लागेल तिथं फुली.

फुल्या कुठं पडल्या नाहीत ते बघण्यासारखं होतं. शून्य, नव्वद, एकशेऐंशी, दोनशेसत्तर या जागा सगळ्यात ढिल्या होत्या. आधीच्या मालकानं आयुष्यभर चौकोनी कामं केली असणार. कटरचा धक्का त्याच दातांनी खाल्ला, तेच झिजले. मधले दात जवळजवळ कोरे. मी नेमका शून्यावर टेबल ठेवून बुश आवळला होता, म्हणून पंचेचाळीसच्या आसपास ते जाम झालं. ॲडजस्टमेंट करायची ती सगळ्यात जड जागेवर. तिथंही दोन मिनिटं प्ले ठेवायचा, कारण दातांमध्ये तेलाला जागा लागते आणि काम करताना टेबल गरम होतं. आमच्या टेबलाला जड जागी दोन आणि शून्यावर सहा मिनिटं राहिली. त्याखाली जायचं तर व्हील नवीन.

आणि ती सहा मिनिटं चालतात, हेही मामांनीच पटवलं. कायम एकाच दिशेनं आकड्यावर यायचं. पुढं गेलास तर नुसतं मागं घेऊ नकोस, अर्धा फेरा मागं जा आणि पुन्हा त्याच बाजूनं ये. कटर लावायच्या आधी क्लॅम्प. गोलाईत मिलिंग करताना क्लॅम्प पूर्ण आवळता येत नाही, तेव्हा थोडा ओढून धरायचा आणि फीड कटरच्या विरुद्ध. क्लाइंब कट घेतला, म्हणजे कटर फिरतो त्याच दिशेनं फीड दिला, की कटर टेबलाला प्लेएवढं आत खेचतो आणि दातच तोडतो.

सतरा कपलिंगं पदरच्या मटेरियलनं पुन्हा करून दिली. नफा गेला, गिऱ्हाईक टिकलं.

महिन्याभरात शेजारच्या शेडवाल्यानं विचारलं, “तुमचं टेबल दुरुस्त केलं म्हणं, आमचं बी बघता का?” असं करत शिरोळी, गोकुळ शिरगाव, इचलकरंजीहून टेबलं यायला लागली. व्हीलचं हॉबिंग (दात कापणं) आणि वर्मचं थ्रेड ग्राइंडिंग (आटे घासणं) आम्ही बाहेरून करून घेतो, जुळणी आणि स्क्रेपिंग (हातानं खरवडून पृष्ठभाग जुळवणं) आमच्याकडं. चुकाही केल्या. एकदा व्हील अजून चालेल म्हणून परत लावलं, तीन महिन्यांत टेबल दारात. तेव्हापासून झिजलेल्या दाताला निळा रंग लावून गिऱ्हाइकालाच दाखवतो आणि निर्णय त्याच्यावर सोडतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरानं हायवे बंद होता, तेव्हा आम्हीही हात बांधून बसलो. पाणी ओसरल्यावर सांगलीकडून पाण्यात बुडालेली टेबलं टेम्पोनं आली. ब्राँझची व्हीलं टिकली होती. वर्म मात्र गंजानं खरखरीत झालेले. तसे फिरवले असते तर कानशीसारखे दात खाल्ले असते. त्या दोन महिन्यांत मोजमापापेक्षा गाळ धुण्याचं कामच जास्त केलं.

आता मुलगा व्हीएमसीवरचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरचे, फोर्थ ॲक्सिस (मोटरवर फिरणारी रोटरी टेबलं) बघतो. त्यात पुष्कळदा ड्युअल लीड वर्म असतो. त्याच्या दातांच्या दोन बाजूंचा लीड, म्हणजे एका फेऱ्यात आटा सरकतो ते अंतर, किंचित वेगळा, त्यामुळं दाताची जाडी एका टोकाकडून दुसरीकडं वाढत जाते. शिम (जाडी भरायची पातळ चकती) बदलून वर्म लांबीत सरकवला की जाड भाग व्हीलमध्ये येतो आणि प्ले भरून निघतो, सेंटर अंतर न बदलता. मामांना हे दाखवायला हवं होतं. काही जण मात्र कंट्रोलमध्ये बॅकलॅशचा आकडा टाकून निर्धास्त होतात. त्यानं टेबल जागेवर येतं हे खरं. पण कटर लागल्यावर दातांमधल्या रिकाम्या जागेत ते डुलतंच. फिनिशवर लाटा दिसायला लागल्या की मग आमच्याकडं येतात.

गेल्या आठवड्यात गडहिंग्लजहून एक पोरगा पोत्यात गुंडाळलेलं आठ इंची टेबल मोटारसायकलवर घेऊन आला. “काका, व्हील गेलंय, नवीन टाका.” मी हँडल आत-बाहेर ओढलं, डायल लावली. अठरा घरं. चेकनट आवळला, पुन्हा मोजलं. दातांत उरलेला प्ले तीन मिनिटं. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. त्याचं बिल किती करायचं, यावर माझं आणि मुलाचं अजून जमलेलं नाही.