सुजलेले डोळे आणि पोडोसाइटची जाळी

माझ्या चुलत बहिणीचा मुलगा पाच वर्षांचा असताना सकाळी उठला की त्याचे डोळे सुजलेले दिसू लागले. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे त्याची लघवी मीच परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळली. वरचा थर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा गोठला आणि ॲसिटिक आम्लाचे थेंब टाकूनही विरघळला नाही, म्हणजे लघवीतून प्रथिने जात होती. लातूरला स्टेरॉइड सुरू झाले. अशा बहुतेक मुलांची सूज त्याने उतरते, पण याची काही उतरेना. शेवटी जनुकतपासणी झाली आणि एनपीएचएस २ या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या.

हे जनुक शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते, पण ते प्रामुख्याने चालू असते मूत्रपिंडातील पोडोसाइट या पेशींमध्ये. या पेशी गाळणीतल्या केशवाहिन्यांना आपल्या पायांसारख्या फाट्यांनी, बोटांत बोटे गुंतवावीत तशा वेढून बसतात आणि फाट्यांमधल्या फटींवर प्रथिनांची अतिसूक्ष्म जाळी ताणलेली असते. दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव या गाळणीतून जातो. जाळीतले नेफ्रिन हे प्रथिन कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाने 1998 मध्ये फिनलंडमधील रुग्णकुटुंबांच्या अभ्यासातून शोधले. आमच्या भाच्यात बिघडलेले, एनपीएचएस २ या जनुकावरून बनणारे पोडोसिन हे प्रथिन 2000 मध्ये सापडले. पुढे 2018 मध्ये कॅटलिन सुझटाक यांच्या गटाने उंदरांच्या मूत्रपिंडातील हजारो पेशी सुट्या करून प्रत्येकीत कोणती जनुके चालू आहेत ते पाहिले, तेव्हा सारखी लक्षणे देणाऱ्या आनुवंशिक आजारांची जनुके बहुधा एकाच प्रकारच्या पेशीत चालू असल्याचे दिसले. आपण ‘किडनी खराब झाली’ असे सरसकट म्हणतो, ते किती ढोबळ आहे!

बहिणीचा प्रश्न मात्र वेगळाच होता. “दादा, बोअरच्या पाण्यानं झालं का हे? का माझ्याच खाण्यात काही आलं?” सासूबाईंनी तिला वर्षभर हेच ऐकवले होते. तिला मामाच्याच घरी दिलेली आहे. एकाच घराण्यातून आलेली सदोष प्रत नवराबायको दोघांकडेही एकेक, दोघेही ठणठणीत, आणि पुढच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. पाण्याचा यात काही संबंध नाही, हे मी सासूबाईंसमोरच कागदावर काढून दाखवले.

दोष जनुकातच निघाल्यामुळे डॉक्टरांनी स्टेरॉइड हळूहळू कमी करून बंद केले. बहिणीच्या धाकट्या बहिणीचे त्याच घरातल्या दिराशी ठरत आले होते. गेल्या आठवड्यात त्या दोघांनी तपासणीसाठी रक्त दिले आहे.