मेमच्या घराचं सारवण

पहिल्या खेपेला हिमाचलातलं अंद्रेटा गाव माझ्या वाट्याला आलं ते पंचेचाळीस मिनिटांपुरतं. पुण्याहून निघालेली सहल, दहा दिवसांत सगळं हिमाचल. बस कुंभारकामाच्या ठिकाणी थांबली, सगळ्यांनी मग आणि बश्या घेतल्या, फोटो काढले. पंजाबी नाटकाला वळण लावणारी आयरिश बाई नोरा रिचर्ड्स याच गावात राहायची. मी सहलीच्या मॅनेजरला विचारलं, "आणि नोरा रिचर्ड्सचं घर?" तो म्हणाला, "तिथं काही बघण्यासारखं नाही हो मॅडम, मातीचं घर आहे." बस निघाली. ते वाक्य मला दोन वर्षं टोचत राहिलं.

म्हणून गेल्या ऑक्टोबरात एकटीच गेले, आणि मुद्दाम २९ तारीख गाठून. २९ ऑक्टोबर हा नोराबाईंचा वाढदिवस. बाई जन्मल्या १८७६ साली, आयर्लंडमध्ये. गेल्या १९७१ साली, अंद्रेट्यात. पतियाळाचं पंजाबी विद्यापीठ दरवर्षी त्या दिवशी अंद्रेट्याला येतं आणि त्यांच्या घरासमोर नाटकं करतं. परदेशातून आलेल्या बाईचा वाढदिवस तिच्या मागे विद्यार्थी करतात. एवढं कळलं आणि मी तिकीट काढलं.

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. पठाणकोटहून कांगड्याच्या छोट्या रेल्वेने जायची फार इच्छा होती, पण चक्की नदीवरचा पूल २०२२ च्या पुरात पडला, तेव्हा बसच धरली. पालमपूरपर्यंत अंग खिळखिळं झालं. पण शेवटच्या तासाला डाव्या हाताला धौलाधारची डोंगररांग उभी राहिली आणि मी तक्रार विसरले.

२८ तारखेला दुपारी घरापाशी पोचले. मातीच्या भिंती, लाकडी खांब, वर दगडी पाट्यांचं छप्पर. ओसरीत गावातल्या दोन बायका बसून जमीन सारवत होत्या. शेजारी बादलीत शेण आणि पिवळसर माती कालवलेली. त्यांच्यासोबत विद्यापीठातली एक मुलगी, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हाताने सारवायला शिकत होती. तिचा हात सरळ रेषेत चालला होता. दोघींतल्या म्हातारीने तिचं मनगट धरलं आणि अर्धगोलात फिरवलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मुलीचा हात आपोआप वळला आणि ओल्या जमिनीवर पाच बोटांची कमान उमटली.

ती कमान मी ओळखली. माझ्या आजोळी, राजापूरजवळ, आजी अशीच सारवायची. डावीकडून उजवीकडे, एकात एक अडकलेल्या कमानी, आणि दाराशी आली की मागे सरकत सरकत बाहेर. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि "मैं भी करूँ?" म्हणून विचारलं. म्हातारीने काही न बोलता बादली माझ्याकडे सरकवली. तिथल्या शेणाचा वास आपल्यासारखाच, माती मात्र जरा चिकट, बोटांना सुटत नाही. तासभर आम्ही चौघी मागे मागे सरकत राहिलो. गुडघे दुखले. फार वर्षांनी इतकं बरं वाटलं.

आता या बाईंबद्दल सांगायलाच हवं. नोराबाई मुळात नटी. नवरा फिलिप लाहोरच्या दयालसिंग कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक, त्याच्यासोबत आल्या. तिथे त्यांनी मुलांना सांगितलं, इंग्रजी नाटकांची नक्कल पुरे, आपल्या गावातलं, आपल्या घरातलं, आपल्या भाषेत लिहा. त्यासाठी एकांकिकांची स्पर्धा लावली. १९१४ साली ईश्वरचंद्र नंदा नावाच्या विद्यार्थ्याच्या 'दुल्हन'ला बक्षीस मिळालं, आणि आधुनिक पंजाबी नाटकाची सुरुवात तिथून मानतात. आपण सांगलीला १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी केलेल्या प्रयोगाची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो ना, तसंच पंजाबी रंगकर्मींच्या मनात हे स्थान आहे. आणि ती ठिणगी टाकली एका आयरिश बाईने.

१९२० साली नवरा गेला. त्या परत गेल्या, पण १९२४ साली पुन्हा आल्या. पुढे अंद्रेट्यात जमीन मिळाली तेव्हा त्यांना बंगला बांधता आला असता. त्यांनी गावकऱ्यांसारखं मातीचं घर बांधलं, खादी घातली आणि समोर उघड्यावर नाटकं बसवायला सुरुवात केली. गावाला ती 'मेम' आणि तिची जागा 'मेम दा बाग'. पृथ्वीराज कपूर तिथे येऊन गेले. चित्रकार शोभासिंग पुढे अंद्रेट्यातच राहिले आणि १९८६ साली जाईपर्यंत तिथेच रंगवत राहिले. गुरू नानकांचं कॅलेंडरवरचं जे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं, ते त्यांचं. दिल्लीत ब्ल्यू पॉटरी सुरू करणारे सरदार गुरचरणसिंग हेही याच गोतावळ्यातले. त्यांचे चिरंजीव मनसिमरन आणि सून मेरी यांनी १९८३ साली इथे कुंभारकाम सुरू केलं.

अशा माणसांना आपल्याकडे जिवंतपणी चक्रम म्हणतात आणि गेल्यावर अवलिया. अंद्रेट्यात मला हे बरं वाटलं की गावाने मधला एक शब्द शोधला. मेम. त्यात थोडं परकेपण आहे आणि पुष्कळ माया आहे.

२९ ला सकाळी शोभासिंगांची चित्रं पाहून आले आणि कुंभारकामाकडेही गेले. या वेळी घाई नव्हती. एक कारागीर लालसर ताटलीवर नळीतून पातळ पांढरी माती सोडत होता, ठिपके, मग वेलांट्या. रांगोळीचीच नक्षी, फक्त चिमटीऐवजी नळी. मी तिथे अर्धा तास उभी होते. त्याने एकदाही हात उचलून पुसापुशी केली नाही. ती ताटली विकत मागितली तर म्हणाला, अजून भट्टीत जायची आहे, फुटूही शकते. मी हट्ट केला नाही.

संध्याकाळी नाटक. मी पंधरा वर्षं हौशी रंगभूमीवर पडद्यामागे काम केलंय, राज्य नाट्य स्पर्धेच्या किती रात्री विंगेत काढल्या. त्यामुळे उघड्यावरचं नाटक म्हणजे आवाज पोचेल का, हीच माझी पहिली काळजी. पोचला. पंजाबी मला निम्मीच कळत होती. पुढे सतरंज्यांवर गावातली मुलं, मागे शाली पांघरलेल्या बायका, कडेला भिंतीवर चढून बसलेली तरणी पोरं. थंडी मरणाची. मोबाइल वर धरलेले फार कमी हात दिसले, आणि त्याबद्दल मी त्या प्रेक्षकांची ऋणी आहे. आपल्याकडच्या नाट्यगृहांत ऐन प्रसंगात वाजणारे फोन ऐकून माझा जीव किती जळतो, हे माझ्या घरचे सांगतील.

एक कळकळीचं सांगणं. अंद्रेट्याला गेलात आणि सहलवाल्याने मातीच्या घरासमोरून बस पुढे नेली, तर भांडा. मी भांडले नाही, त्याची चुटपुट मला दोन वर्षं होती.

नाटकात शेवटी एक सून सासरचं घर सोडून निघते. काम करणारी मुलगी कालचीच, जीन्स दुमडून सारवणारी. ओसरीवरून ती अनवाणी खाली उतरली, थांबली, वाकली आणि जमिनीला हात लावला. दिव्याच्या उजेडात तिच्या बोटांखाली आमच्या कमानी स्पष्ट दिसत होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुटपुटली, "सुक्की गई." वाळलं, म्हणाली. तिच्या नखांत अजून माती होती. माझ्याही.