मॅजिक किंगडमची पडद्यामागची सहल: माझा अनुभव

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मॅजिक किंगडम हे मनोरंजन पार्क बघताना आपण जमिनीवर चालत नसतो. आपण पहिल्या मजल्यावर असतो आणि खरा तळमजला आपल्या पायाखाली झाकलेला असतो. हे कळल्यापासून तो तळमजला बघायचाच, असं मी मनाशी धरलं होतं. तिथे आत नेणारी अधिकृत मार्गदर्शित सहल आहे, तिचं नाव ‘कीज टू द किंगडम’.

ती साधारण पाच तासांची असते आणि सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. आमची मुलगी लहान, त्यामुळे मी सहलीला जायचं आणि नवऱ्याने तिच्याबरोबर पार्कात फिरायचं असं ठरवलं. सहलीचे पैसे पार्कच्या तिकिटाखेरीज वेगळे भरावे लागतात, म्हणजे दोन्ही तिकिटं लागतात. माणसं मोजकीच घेतात, म्हणून प्रवासाच्या तारखा पक्क्या होताच मी आधी हे आरक्षण केलं आणि बाकीचे बेत त्याभोवती बसवले. दिवस मुद्दाम मुक्कामाच्या सुरुवातीचा निवडला. सगळं पार्क बघून झाल्यावर शेवटी ही सहल करणारे पुष्कळ असतात. मला ते पटत नाही. काय बघायचं हे एकदा कळलं, की पुढचे सगळे दिवस ते कामी येतं.

सकाळी ओळखपत्र दाखवलं. नावाचा बिल्ला आणि कानात घालायचं यंत्र मिळालं. गर्दीत गाइड चार पावलं पुढे असली तरी तिचा आवाज थेट कानात येतो, त्यामुळे धावपळ होत नाही. पडद्यामागच्या भागात फोटो काढायला सक्त मनाई आहे. मोबाइल पर्समध्ये ठेवल्यावर माझं लक्ष किती वाढलं, ते मला तिथेच जाणवलं.

पहिला बराच वेळ पाहुण्यांच्याच भागात गेला आणि तो मला फार आवडला. पार्कात शिरताच लागणाऱ्या मेन स्ट्रीटवरच्या इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाचे बांधले आहेत. त्यामुळे इमारती आहेत त्याहून उंच भासतात. सिंड्रेलाच्या किल्ल्यातही तीच युक्ती आहे: उंची 189 फूट, वर जावं तसे दगडांचे आकार लहान होत जातात, आणि दगड म्हणून जे दिसतं तो दगड नाहीच. आत पोलाद आणि काँक्रीट, बाहेर फायबरग्लास. मेन स्ट्रीटवर वरच्या मजल्यांच्या खिडक्यांवर दुकानांच्या पाट्यांसारखी नावं रंगवलेली आहेत. ही पार्क उभारणाऱ्या माणसांची नावं. एरवी मी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलंही नसतं.

सहलीच्या नावातल्या ‘किल्ल्या’ म्हणजे कर्मचाऱ्यांना शिकवली जाणारी तत्त्वं: सुरक्षितता, सौजन्य, सर्वसमावेशकता, सादरीकरण आणि कार्यक्षमता. त्यांचा क्रम महत्त्वाचा. सुरक्षितता आणि सादरीकरण यांत निवड करायची वेळ आली, तर सादरीकरण थांबतं. कार्यक्षमता सगळ्यांत शेवटी, हे मला विशेष वाटलं. इतक्या मोठ्या धंद्यात ती पहिली असेल अशीच माझी समजूत होती.

मग एका साध्या दरवाजातून आम्ही मागे गेलो. तिथे रंगरंगोटी नाही, संगीत नाही. मिरवणुकीचे भव्य रथ गोदामात उभे होते. जवळून बघताना त्यांची चाकं आणि चालकाची जागाही दिसत होती.

आणि शेवटी ‘युटिलिडॉर’, म्हणजेच तो झाकलेला तळमजला. फ्लोरिडात थोडं खणलं तरी पाणी लागतं, त्यामुळे तळघर खणणं शक्य नव्हतं. म्हणून हे बोगदे जमिनीच्या पातळीवरच बांधले, समोरचं सेव्हन सीज लगून हे तळं खणताना निघालेली माती त्यांच्याभोवती भरली आणि त्यावर पार्क उभं केलं. 1 ऑक्टोबर 1971 रोजी ते उघडलं. हे बघायला वॉल्ट डिस्ने नव्हते. ते 1966 मध्येच गेले. त्यांचे थोरले भाऊ रॉय यांनी काम तडीस नेलं आणि 1971 च्याच डिसेंबरमध्ये तेही गेले. हे ऐकताना माझ्या घशाशी आवंढा आला.

खाली लांबच लांब काँक्रीटचे बोळ आहेत. छताला नळ आणि केबली, भिंतींवर वरच्या कोणत्या विभागाखाली आपण आहोत ते सांगणाऱ्या खुणा. माणसं भराभर चालतात, सामानाच्या छोट्या विजेच्या गाड्या ये-जा करतात. एका विभागातल्या वेशातला कर्मचारी दुसऱ्या विभागातून फिरताना पाहुण्यांना दिसू नये, हा या सगळ्यामागचा हेतू. नाट्यगृहात विंगेतून नट येतात, तसा इथला प्रत्येक जण जमिनीखालून येऊन आपल्याच जागी प्रकट होतो.

कचऱ्याची व्यवस्था तर मी नवऱ्याला नंतर कितीदा सांगितली असेल. वरच्या डब्यांतला कचरा कर्मचारी आडबाजूच्या तोंडांत टाकतात आणि तिथून तो जाड नळ्यांतून हवेच्या ओढीने पार्कच्या मागच्या बाजूला खेचला जातो. वेग ताशी सुमारे 100 किलोमीटरपर्यंत. तंत्र स्वीडनचं. कचऱ्याची गाडी पाहुण्यांमधून कधी जात नाही, ती यामुळे. मुलीला मी हे नळ्यांचं सगळं सांगितलं. खाली मिकीच्या मंडळींचं काय दिसतं, ते मात्र सांगितलं नाही. सोळाची झाली की ती स्वतः बघेल.

तिच्यासाठी आम्ही वेगळी, तासाभराची सहल घेतली. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्याच एपकॉट या दुसऱ्या पार्कातल्या ‘द लँड’ या इमारतीतली ‘बिहाइंड द सीड्स’. तिला वयाची अट नाही, पण एपकॉटचं तिकीट लागतं. ‘लिव्हिंग विथ द लँड’ या सफरीत बोटीतून जी हरितगृहं दिसतात, त्यांतून इथे पायी फिरता येतं. मातीविना वाढणारी रोपं, हवेत लोंबणारी आणि पोषक द्रावणाचा फवारा घेणारी मुळं, साच्यात घालून मिकीच्या आकारात वाढवलेले भोपळे. किडीवर औषध मारण्याऐवजी किडीला खाणारे कीटक सोडतात, ते गाइडने समजावून सांगितलं. इथली भाजी आणि मासे पार्कच्याच उपाहारगृहांत जातात. प्रश्न विचारायला इथे भरपूर वाव मिळतो, आणि आमच्या मुलीने तो पुरेपूर घेतला.

व्यवहाराचं थोडं. मोठ्या सहलीला चालणं पुष्कळ आहे, म्हणून सवयीचे, पाय पूर्ण झाकणारे बूट घाला. सामान कमीत कमी ठेवा. जेवण सहलीतच मिळतं, तेव्हा शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच सांगून ठेवा. दुपारनंतर दुसरं काही ठरवू नका. सहल संपते ती पार्काच्या आतच, आणि मेन स्ट्रीटवरच्या खिडक्या सावकाश वाचायला तोच वेळ चांगला.