तुम्ही विचारलंत म्हणून: घर गार आणि उबदार ठेवायला काय परवडते?

"उन्हाळ्यात घर गार राहावे, थंडीत उबदार राहावे, आणि हे सगळे खिशाला परवडावे, तर नेमकी कोणती यंत्रणा घ्यावी?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढणेच बरे. विचारणाऱ्याला बहुधा एखाद्या यंत्राचे नाव हवे असते. मी मात्र उलट दोन प्रश्न विचारतो: हे यंत्र वर्षातून एकूण किती तास चालणार आहे, आणि घरात उष्णता नेमकी कुठून येते किंवा कुठून निसटते? या दोहोंची उत्तरे हाती आल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला म्हणजे अंदाजपंचे मारलेली थाप असते, मग ती दुकानदाराने मारलेली असो की शेजाऱ्याने.

आधी तासांचा हिशेब पाहू. एसीच्या अंगावर एक छोटी पाटी चिकटवलेली असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. तिच्यावर इतर तपशिलांबरोबर दोन आकडे असतात: यंत्र खोलीतून किती वॉट उष्णता बाहेर काढते आणि त्यासाठी किती वॉट वीज घेते. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की यंत्राची खरी ऐपत कळते. समजा, ५,२५० वॉट उष्णता काढणारी, म्हणजे साधारण दीड टनाची दोन यंत्रे समोर आहेत. त्यांपैकी स्वस्त यंत्र १,७५० वॉट वीज घेते आणि महागडे १,१७० वॉट. दोघांतील फरक ५८० वॉटचा आहे. वर्षाकाठी यंत्र पूर्ण भाराने २०० तासच चालणार असेल, तर महागड्या यंत्राने वाचवलेली वीज ११६ युनिट भरते. तेच १,५०० तास चालणार असेल तर ८७० युनिट वाचतात. या आकड्यांना आपल्या वीजदराने गुणा, त्यांची दोन यंत्रांच्या किमतींतील फरकाशी तुलना करा, आणि जादा मोजलेले पैसे किती वर्षांत वसूल होतात ते पाहा. प्रत्यक्षात यंत्र सतत पूर्ण भाराने चालत नसल्याने हा हिशेब ढोबळ आहे, पण निर्णयाला तो पुरेसा आहे.

या हिशेबातून निघणारा निष्कर्ष पुष्कळांना खटकतो. सर्वांत कार्यक्षम यंत्र हेच शहाणपणाचे, असे सरसकट म्हणता येत नाही. पाहुण्यांच्या खोलीत वर्षातून मोजके दिवस चालणारे यंत्र स्वस्तातले घेण्यात काहीही गैर नाही. ज्या खोलीत रोज रात्रभर यंत्र चालते, तिथे मात्र किमतीत केलेली काटकसर दरमहा वाढीव बिलाच्या रूपाने अंगावर येते. एकाच घरात दोन खोल्यांसाठी दोन वेगळी उत्तरे योग्य ठरू शकतात, आणि सगळीकडे एकाच जातीची यंत्रे बसवण्याच्या हौसेपायी ही गोष्ट नजरेआड होते.

उबेच्या बाबतीत हाच नियम अधिक तीव्रतेने लागू होतो. विजेचा साधा हीटर, मग तो सळीचा असो, पंख्याचा असो की तेलाने भरलेला, एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देतो. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. त्यामुळे "निम्म्या विजेत तितकीच ऊब" अशी जाहिरात करणाऱ्या हीटरवर विश्वास ठेवू नये. फरक पडतो तो ऊब अंगापर्यंत कशी पोहोचते यात. मोठ्या थंड खोलीत एकटाच माणूस टेबलाशी बसून काम करत असेल, तर समोरून धग देणारा छोटा हीटर त्याचे काम थोडक्या विजेत भागवतो, कारण सगळी हवा तापवण्याची गरजच उरत नाही. तेलाचा हीटर सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, म्हणून तो झोपायच्या खोलीत सोयीचा पडतो.

हीट पंपाची गोष्ट निराळी आहे. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून आत आणतो. म्हणजे एसीचेच काम उलट्या दिशेने करतो. ही कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्व्हिन या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी ती १८५२ मध्येच मांडली होती. बाहेर माफक थंडी असताना एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता घरात येते. बाहेरचे तापमान जसे घसरते तसे हे गुणोत्तरही घसरते, आणि बाहेरच्या जाळीवर बर्फ धरू लागला की तो वितळवण्यातही काही वीज जाते. तरीही कडक थंडीसाठी बनवलेली यंत्रे शून्याखाली बऱ्याच अंशांपर्यंत साध्या हीटरपेक्षा सरस ठरतात. म्हणून ज्यांना उन्हाळ्यात एसी घ्यायचाच आहे आणि थंडीतही महिना-दोन महिने ऊब लागते, त्यांना मी गार आणि गरम अशी दोन्ही कामे करणारे एकच यंत्र घ्यायला सांगतो. नुसत्या एसीपेक्षा त्याला जे काही अधिक पैसे पडतात, ते वेगळी तापवणारी यंत्रणा बसवण्याच्या खर्चापुढे सहसा थोडेच असतात.

जिथे नळाने गॅस येतो तिथे तुलना थोडी किचकट होते, पण अशक्य मुळीच नाही. गॅसच्या देयकावरून एका किलोवॉट-तासाचा, म्हणजे विजेच्या एका युनिटाइतक्या ऊर्जेचा दर काढावा. चांगला गॅस बॉयलर (गॅसवर पाणी तापवून घर उबदार करणारे यंत्र) त्यातली सुमारे नव्वद टक्के उष्णता घराला देतो, तर हीट पंप एका युनिटाचे तीन करतो असे धरू. मग विजेचे युनिट गॅसच्या तेवढ्याच ऊर्जेपेक्षा सुमारे ३.३ पटींहून महाग असेल, तर गॅस चालवणे स्वस्त. त्याहून कमी असेल, तर हीट पंप. गॅस, लाकूड, कोळसा, रॉकेल, घरात काहीही जळणार असेल तर त्याचा धूर आणि वायू बाहेर जाण्याची पक्की वाट आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर या दोन गोष्टी खर्चात धरल्याच पाहिजेत. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणे हा जिवावरचा प्रकार आहे; या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

आता दुसरा प्रश्न, ज्याच्याकडे लोक हटकून दुर्लक्ष करतात: उष्णता कुठून येते? वरच्या मजल्यावरच्या घरात उन्हाळ्यात सूर्य मावळून दोन-तीन तास झाल्यावर स्टुलावर चढून छताला हात लावून पाहा. हात पोळत नाही, पण छत अंगापेक्षा गरम लागते; दिवसभर प्यायलेले ऊन ते रात्री खोलीत सोडत असते. भर दुपारी स्वच्छ आकाशातून दर चौरस मीटरला जवळपास एक किलोवॉट उष्णता पडते आणि काळसर छत तिच्यातला बहुतांश भाग शोषून घेते. त्यामुळे छताला परावर्तक पांढरा रंग देणे, वर सावली करणे किंवा खालून इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, बसवणे यांवर केलेला खर्च यंत्राचा आकारच कमी करतो. खिडक्यांचेही तसेच आहे. आतला पडदा उन्हाला अडवतो तेव्हा ऊन काचेच्या आत येऊन चुकलेले असते. तेच ऊन बाहेरच्या छज्ज्याने, चटईने किंवा झडपेने अडवले तर ते घरात शिरतच नाही.

थंडीच्या दिवसांत हे गणित उलटते. तेव्हा दुपारचे कोवळे ऊन जितके आत येईल तितके येऊ द्यावे आणि फटींचा बंदोबस्त करावा. वाऱ्याच्या दिवशी खिडकीच्या चौकटीशी, दाराच्या खालच्या कडेशी आणि वायर भिंतीतून येते त्या भोकाशी टिश्यू पेपरची पातळ पट्टी धरून पाहावी. ती जिथे फडफडते तिथून तुमचे पैसे बाहेर जात आहेत. रबरी पट्टी, सिलिकॉन, दाराखालचा ब्रश, या किरकोळ वस्तू आहेत आणि त्यांच्याइतक्या लवकर खर्च भरून देणारे या सगळ्या प्रकरणात दुसरे काही मला ठाऊक नाही.

घर असे सावरल्यावर मगच आकाराचा विचार करावा. टन हे माप बर्फाच्या जमान्यातले आहे: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो ती एक टन क्षमता, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. विक्रेते बहुधा फक्त खोलीचे क्षेत्रफळ विचारून आकडा सांगतात. छत उघडे आहे का, खिडकी कोणत्या दिशेला आहे, खोलीत किती माणसे बसतात, हे विचारत नाहीत, आणि तक्रार नको म्हणून अर्धा टन वर चढवून देतात. दमट हवेत हा अर्धा टन त्रासाचा ठरतो. मोठे यंत्र हवा झटकन गार करते आणि थांबते. हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही, म्हणून खोली गार असूनही चिकचिक वाटते आणि माणूस तापमान आणखी खाली ओढतो. इन्व्हर्टर कंप्रेसर आपला वेग कमी करू शकतो, त्यामुळे हा दोष बराच सौम्य होतो, तरी वेग कमी करण्यालाही मर्यादा असते.

ज्यांचे बजेट खरोखरच तुटपुंजे आहे त्यांच्यासाठी पंखा आणि कूलर. पंखा हवा गार करत नाही, माणसाला गार करतो, म्हणून रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्यात अर्थ नाही. अंगावर वारा असला की दोन-तीन अंश जास्त तापमानही सुसह्य वाटते. एसीसोबत छताचा पंखा चालवून एसी तितका वर ठेवला, तर पंखा घेतो त्याहून जास्त वीज वाचते. नव्या धाटणीच्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटारीचा पंखा तर जुन्याच्या साधारण निम्म्या विजेत चालतो.

कूलरच्या बाबतीत मात्र हवामान हाच मालक. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेते. एक लिटर पाणी सुमारे दोन-तृतीयांश युनिट इतकी उष्णता शोषते, आणि हे काम फक्त पंखा व छोटा पंप चालवण्याच्या खर्चात होते. पण हवा आधीच ओली असेल तर वाफ होणार कुठे? हवा ४० अंश तापलेली आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगला कूलर २६ अंशांच्या आसपासची हवा देतो. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर तो जेमतेम दोन-तीन अंश उतरवतो आणि खोली आणखी दमट करतो. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. दोन्ही एकत्र चालवणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते दोन्हींचे पैसे वाया घालवत असतात.

एकाच नळीचा, चाकांवर हलवता येणारा एसी शक्यतो टाळावा. तो खोलीतलीच हवा नळीने बाहेर फेकतो आणि तितकीच गरम हवा फटींतून आत ओढली जाते. छतावरून डक्टने, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या नळ्यांनी, सगळ्या घराला गार किंवा गरम हवा पुरवणारी यंत्रणा दिसायला देखणी असते, पण डक्ट गळके असतील किंवा तापणाऱ्या पोटमाळ्यातून जात असतील तर मोठा वाटा वाटेतच गळतो. ज्या घरात एका वेळी एक-दोन खोल्याच वापरात असतात तिथे खोलीनिहाय यंत्रे परवडतात.

बसवणाऱ्याची निवड यंत्राच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. एसीत गॅस सोडण्यापूर्वी तांब्याच्या नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून घ्यावा लागतो. हे काम करताना तिथे उभे राहावे आणि पंप लावला की नाही ते पाहावे. "दरवर्षी गॅस भरावा लागतो" हे वाक्य ऐकले की समजावे, कुठेतरी गळती आहे. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही; तो बंद नळ्यांत फिरत राहतो, आणि गळती न शोधता पुन्हा भरून घेणे म्हणजे पुढच्या वर्षीचे काम आजच नक्की करून ठेवणे. गॅस कोणता आहे तेही विचारावे. हवामानावरील परिणामामुळे २०१६ च्या किगाली या आंतरराष्ट्रीय करारानुसार जुने गॅस टप्प्याटप्प्याने कमी केले जात आहेत. तापमानवाढीच्या मोजमापात (कार्बन डायऑक्साइडचा आकडा १ धरून) आर-४१०ए या जुन्या गॅसचा आकडा सुमारे २,०८८ आहे तर आर-३२ या नव्या गॅसचा सुमारे ६७५, म्हणून नवे यंत्र घेताना जुन्या गॅसचे यंत्र केवळ सवलत आहे म्हणून उचलू नये; दहा वर्षांनी दुरुस्तीची वेळ आली की तो गॅस दुर्मीळ आणि महाग झालेला असू शकतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भिंत फोडावी लागेल अशा गोष्टींत पैसे घालू नयेत; खिडकीबाहेरची काढता येणारी सावली, फटींच्या पट्ट्या, चांगला पंखा आणि छोटा हीटर हे सगळे सामानाबरोबर नेता येते. आणि ज्यांचे जुने यंत्र अजून चालते आहे पण "आता पूर्वीसारखे गार होत नाही", त्यांनी नवे घेण्याआधी आतला फिल्टर धुवावा, बाहेरच्या यंत्राच्या जाळीवरची धूळ काढून घ्यावी आणि त्याच्यासमोर रचलेली अडगळ हलवावी. इतके करूनही फरक पडला नाही, तर मग पाटीवरचे दोन आकडे आणि वर्षाचे तास घेऊन वरचा भागाकार-गुणाकार करायला बसावे.