पट्टीवर तेवढाच

आज लेकीच्या दंडावरचा लाल डाग पुन्हा मोजला. ३१ मिलिमीटर लांब, २४ रुंद. गेल्या महिन्याएवढाच. मी तिथेच हिरमुसले. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. तोच उजेड, तेवढंच अंतर, बाजूला तीच पट्टी. तेव्हा दिसलं, मध्यभागी राखाडी झाक आलीय, लालभडकपणा उतरलाय. मग म्हणाले, "हात लावून बघा." महिन्यापूर्वी टणक लागायचं, आज चक्क मऊ! औषधाने रंग आणि फुगवटा आधी उतरतो, म्हणून नुसती लांबी-रुंदी पुरत नाही.

हा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी, कर्करोगाची नसलेली गाठ. जन्मतः नव्हताच, दुसऱ्या आठवड्यात टाचणीएवढा ठिपका दिसला आणि बघता बघता फुगला. "ग्रहण पाळलं नाहीस," हे किती जणींनी ऐकवलं! ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही गं. तिला चालू असलेलं प्रोप्रॅनोलॉल मुळात हृदयाचं औषध. त्याचा हा गुण फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये जगासमोर आणला. उपाशीपोटी मात्र द्यायचं नाही, रक्तातली साखर उतरते.

बाळाचा असा डाग वाढताना दिसला तर लगेच दाखवा, पहिल्या दोन महिन्यांतच तो झपाट्याने वाढतो.

आता दूध पिऊन झोपलीय. पुढचा फोटो महिन्याने, याच खिडकीपाशी.