फायमोसिसचं ऑपरेशन आणि पॉलिसीतली एक ओळ

ऑपरेशन तासाभरात आटोपलं, संध्याकाळी घरी आलो. पण त्याचं कॅशलेस मंजूर करून घेताना जो मनस्ताप झाला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या शिश्नाची पुढची कातडी घट्ट होती; यालाच फायमोसिस म्हणतात. मागे ओढली की चिरायची, लघवी करताना फुग्यासारखी फुगायची. यूरॉलॉजिस्टनी आधी बीटामेथासोनचं ०.०५ टक्के मलम दिलं. असं मलम साधारण चार ते आठ आठवडे लावतात आणि सोबत कातडी हलक्या हाताने, दुखणार नाही इतपतच ताणायची असते. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. माझ्या टोकाला मात्र पांढरट, कडक कडं धरलं होतं, ते काही सैल होईना. शेवटी सुंता करायचं ठरलं.

आणि टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेचं, गाऱ्हाणं सुरू झालं. बऱ्याच पॉलिसींत, कशाचे पैसे मिळणार नाहीत त्या यादीत सुंता असते; पुढे लिहिलेलं असतं, ‘आजाराच्या उपचारासाठी गरजेची असल्याखेरीज’. ही पुढची ओळ कोणी वाचायलाच तयार नव्हतं. पहिली क्वेरी आली, धार्मिक कारणासाठी करताय का? उत्तर पाठवलं. मग, कॉस्मेटिक आहे का? तेही पाठवलं. पुन्हा तोच प्रश्न, फक्त शब्द बदलून. त्यात इन्शुरन्स डेस्कवरच्या बाईंनी भरल्या हॉलमध्ये हाक मारली, “सुंतावाले पेशंट कोण?” माना वळल्या. मला उठवेना. बायको तडक काउंटरवर गेली. म्हणाली, “मॅडम, नावाने हाक मारा. आणि काय कागद हवाय ते एकदाच लिहून द्या.” त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला.

काम झालं ते डॉक्टरांच्या नव्या पत्राने. पहिल्या पत्रात नुसतं ऑपरेशनचं नाव होतं. नव्या पत्रात निदान फायमोसिस, आजाराचा आंतरराष्ट्रीय कोड एन ४७, त्रास कधीपासून, मलम लावूनही फरक नाही, कातडीवर व्रण, लघवीला अडथळा, हे सगळं आलं आणि मंजुरी मिळाली. तुम्ही पहिल्याच दिवशी असं पत्र मागून घ्या. तरीही नाकारलं तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही.

शुगर तपासाच. मोठेपणी कातडी अचानक घट्ट व्हायला लागली तर मागे मधुमेह असू शकतो. मेडिकलवाल्याकडून खाजेची मिश्र मलमं आणून परस्पर लावू नका. साबणही नको, कोमट पाणी पुरतं.

ऑपरेशननंतर शिश्नमुंड उघडं पडतं, तेव्हा चड्डीचा स्पर्शसुद्धा झोंबतो. व्हॅसलीन आणि सैल सुती कपड्यांवर मी ते दिवस काढले. हळूहळू सवय होते. टाके आपोआप गळतात. शरीरसंबंधांना चार ते सहा आठवडे तरी थांबायला सांगतात.

आणि ज्यांचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांनी हे लक्षात ठेवा: मागे ओढलेली कातडी तिथेच अडकली आणि सूज आली, तर रात्र असली तरी लगेच कॅज्युअल्टी गाठा. त्यात रक्तपुरवठा तुटू शकतो. लाज वाटते म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

काढलेली कातडी बायोप्सीला पाठवायला सांगा. पांढऱ्या कड्याचं नेमकं कारण त्यातूनच कळतं, आणि पुढे किती दिवस दाखवायला जायचं तेही त्यावरच ठरतं.